कुठल्या तासाला धावायचं?

जानेवारीत मुंबई मॅरेथॉन धावायची तर सराव जून-जुलैपासून सुरू करावा लागतो. म्हणजे निम्मा सराव पावसात आणि निम्मा धुरक्यात. ही शर्यत २००४ साली सुरू झाली. तेव्हापासून उपनगरांत नोकरी सांभाळून धावणाऱ्या माणसांपुढे एकच कोडं आहे. रस्त्यावर वाहनं नसतात तेव्हा उजेड नसतो, उजेड असतो तेव्हा पाय टाकायला जागा नसते आणि हवा जरा बरी होते तेव्हा आपण ऑफिसात बसलेलो असतो. डिसेंबरातला एक साधा गुरुवार या हिशोबाने मांडून बघते.

पहाटे ४.३०

बोरिवली पूर्व. तोंड धुण्याआधी मोबाइलवर हवेचा निर्देशांक बघायचा. सरकारी मोजपट्टीत १०१ ते २०० म्हणजे ‘मध्यम’ आणि त्यापुढे ‘वाईट’. दोनशे ओलांडले की बाहेर पडायचं नाही, घरातच जोर-बैठका. आज आकडा आत आहे. अर्धं केळं, दोन घोट पाणी. खिशात एक चिठ्ठी: नाव, रक्तगट, घरचा नंबर. फोन लॉक असला की अनोळखी माणसाला त्याचा उपयोग नाही, कागद मात्र कुणालाही वाचता येतो.

‘‘किती वाजता येणार?’’ नवरा पांघरुणातूनच विचारतो.

‘‘सव्वासातला. साडेसात झाले तर फोन कर.’’

५.००

सोसायटीच्या फाटकाशी चौघं जमतो. रेल्वेतून निवृत्त झालेले काका, शेजारच्या इमारतीतल्या दोघी आणि मी. एकटीने अंधारात निघायचं नाही, हे आम्हा तिघींचं पहिल्यापासून ठरलेलं. डिसेंबरात उजाडायला सात वाजतात, त्यामुळे पुढचे दोन तास अंधाराचेच.

‘‘काका, आज हळू हं.’’

‘‘अगं, मी जोरात कधी होतो?’’

हायवेच्या सर्व्हिस रोडला लागलो की उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून धावतो. पाठीमागून येणारी गाडी दिसत नाही. समोरची दिसते आणि वेळ पडली तर बाजूला उडी मारता येते. अंगावर चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट, पाठीला लाल दिवा, कान मोकळे. या वेळी वाहनं थोडी असतात, पण आहेत ती वेगात: पाण्याचे टँकर, राडारोड्याचे डंपर, रात्रभर गाडी चालवून शहरात शिरणारे ड्रायव्हर. रिकामा रस्ता म्हणजे सुरक्षित रस्ता, हा समज इथे फसतो. १९ मार्च २०२३ च्या रविवारी सकाळी साडेसहाच्या सुमारास वरळी सी फेसवर जॉगिंग करणारी एक अनुभवी धावपटू भरधाव गाडीच्या धडकेने गेली. शहरातल्या सगळ्यांत मोकळ्या म्हणाव्यात अशा रस्त्यांपैकी तो एक. सिग्नलशी हिरवा दिवा आमचा असला तरी ड्रायव्हरची मान आमच्याकडे वळलेली दिसल्याशिवाय आम्ही पाऊल टाकत नाही.

५.४०

कचराकुंडीजवळचे कुत्रे. त्यांना धावणारी माणसं खपत नाहीत, चालणारी चालतात. म्हणून पन्नास पावलं आधीच चालायला लागायचं, नजर रोखायची नाही, पाठ दाखवून पळायचं नाही. चावलाच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी रुग्णालयात जायचं. पालिकेच्या रुग्णालयांत लस मोफत मिळते. पहिल्या दिवसानंतर तिसरा, सातवा, अठ्ठाविसावा दिवस चुकवायचा नाही. असं चालत गेल्याने घड्याळातली वेगाची सरासरी बिघडते, बिघडू दे.

६.१५

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेचा रस्ता. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं हे जंगल आणि त्याला चिकटून बोरिवली, मुलुंड, ठाणे. इथले बिबटे पहाटे आणि तिन्हीसांजेला फिरतात, म्हणजे नेमके आमच्या वेळेला. बिबट्या माणसाला शोधत नसतो. कुत्री, डुकरं त्याला पुरतात. तरी भिंतीलगत आम्ही मोठ्याने गप्पा मारत जातो. बुटाची नाडी सुटली तर बांधायला तिथे बसायचं नाही, कारण वाकलेला किंवा बसलेला माणूस बिबट्याला लहान प्राण्यासारखा दिसतो. समोर आलाच तर पळायचं नाही. उभं राहायचं, त्याला वाट द्यायची, सावकाश मागे सरायचं. वनखात्याची हेल्पलाइन १९२६ फोनमध्ये आहे, अजून लावायची वेळ आलेली नाही.

६.४५

सगळ्यांत कठीण तास हाच आणि त्यात दिसण्यासारखं काही नसतं. हिवाळ्यात रात्री जमीन गार होते, तिच्यालगतची हवाही गार होऊन खालीच बसते आणि वरची उबदार हवा तिच्यावर झाकणासारखी राहते. बांधकामांची धूळ, डिझेलचा धूर, सगळं त्याखाली कोंडतं. वारा रात्री जमिनीकडून समुद्राकडे, तोही मंद. समुद्रावरचा वारा आत येऊन हवा हलवतो ती दुपारी. आणि मॅरेथॉनच्या सरावात छातीत हवा जाते ती चालण्याच्या कितीतरी पट. म्हणून वेगाचा सराव आम्ही या तासात ठेवत नाही. बोलता बोलता धावता येईल तेवढाच वेग. काका गप्प झाले की आम्ही चालायला लागतो, कारण विचारत नाही.

सकाळी ७.१५

घरी. पाणी, मीठ-साखर, पोहे.

८.४०

मेट्रो ७, मागाठाणे ते गुंदवली. दहिसर ते अंधेरी ही मार्गिका जानेवारी २०२३ मध्ये पूर्ण झाली आणि आमच्या पोटऱ्यांवर तिने उपकार केले. लोकलच्या दारात लोंबकळण्यापेक्षा दांडा धरून उभं राहणं म्हणजे विश्रांतीच.

दुपारी १.००

जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातला एक सहकारी शेजारी येऊन बसतो. वय अठ्ठेचाळीस, मधुमेह, यंदाच्या अर्ध्या मॅरेथॉनमध्ये नाव नोंदवलेलं.

‘‘मॅडम, सहा आठवडे पुरतील ना?’’

‘‘डॉक्टरांना दाखवलंत का?’’

‘‘अहो, मला काही होत नाही.’’

हे वाक्य ऐकलं की मला शर्यतीच्या दुसऱ्या दिवशीच्या बातम्या आठवतात. जानेवारी २०२० मध्ये धावताना एक ज्येष्ठ स्पर्धक गेले, जानेवारी २०२४ मध्ये दोघे. हृदयाची तपासणी, साखर, रक्तदाब आधी, बूट नंतर. छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखलं, घेरी आली तर तिथेच थांबायचं आणि १०८ ला फोन. त्यांनी रिपोर्ट काढायचं कबूल केलं, पण ‘रविवारनंतर’.

दुपारी ४.००

खिडकीबाहेर झाडं हलताहेत; समुद्रावरचा वारा आला. हवा आत्ता त्यातल्या त्यात बरी आणि माझ्यासमोर तीन फायली. दिवसभर थोडं थोडं पाणी पिते. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. पण घाबरून नुसतं पाणी ढोसणंही घातक. रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, भ्रम होतो आणि लोकांना वाटतं पाणी कमी पडलं. लांब धावेला मीठ सोबत हवंच.

संध्याकाळी ६.३०

संध्याकाळी धावणारेही आहेत. त्यांच्या वाट्याला फेरीवाल्यांनी भरलेला फुटपाथ आणि उलट्या दिशेने येणाऱ्या मोटारसायकली. पावसाळ्यात तर हा तास मी सोडूनच देते. २९ ऑगस्ट २०१७ च्या पुरात डॉ. दीपक अमरापूरकर उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. २५ सप्टेंबर २०२४ च्या पावसात अंधेरी पूर्वेला, सीप्झजवळ, एक महिला उघड्या नाल्यात पडून गेली. पाण्याखाली रस्ता आहे की खड्डा, हे कुठलाही बूट सांगत नाही. शिवाय लेप्टोस्पायरोसिसचं भय. साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं तर गोळीसाठी लगेच डॉक्टर गाठायचे, ७२ तासांच्या आत.

रात्री ९.१५

ग्रुपवर रविवारच्या अठ्ठावीस किलोमीटरची वादावादी. मुलुंडच्या मैत्रिणीला पूर्व द्रुतगती मार्ग हवा: सरळ, लांब, दिवे भरपूर. माझं मत, पाच-पाच किलोमीटरच्या फेऱ्या घराजवळच मारू. कंटाळा येईल, पण पाणी, दवाखाना आणि घरी परतायची वाट सतत हाताशी राहील. ती वैतागते, मग मानते.

तेवढ्यात काकांचा निरोप येतो: ‘गुडघा बोलतोय. रविवारी धावत नाही, सायकलवरून पाणी घेऊन येतो.’

त्या निरोपाखाली दुसरी एक जण लगेच लिहिते, की तिचीही पोटरी सोमवारपासून दुखते आहे, सांगायचं राहून गेलं होतं. काका थांबले नसते तर तिने ते रविवारी विसाव्या किलोमीटरला सांगितलं असतं.