पुरुषांची हाडे आणि संप्रेरके

या व्याख्यानासाठी विषय निवडण्याचे काम माझ्यावरच सोपविण्यात आले, तेव्हा मला याच शाळेतील माझा एक वर्गबंधू आठवला. वयाच्या बहात्तराव्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरण्याचे निमित्त झाले आणि त्याचा खुबा मोडला. भेटावयास गेलो असता तो म्हणाला, "अरे, हाडे ठिसूळ होतात ती बायकांची ना? मग माझे असे कसे झाले?" मी व्यवसायाने डॉक्टर, परंतु त्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देण्याजोगे नव्हते.

हाड ही निर्जीव वस्तू नव्हे. काही पेशी जुने हाड पोखरून काढीत असतात, तर काही नवे रचीत असतात. स्त्रीसंप्रेरक इस्ट्रोजेन हे पोखरणाऱ्या पेशींना आवर घालते. पन्नाशीच्या सुमारास स्त्रीच्या शरीरातील त्याचा पुरवठा एकाएकी आटतो आणि हाडांची झीज वेगाने सुरू होते. पुरुषात असा आकस्मिक खंड पडत नाही. शिवाय कुमारवयात टेस्टोस्टेरॉन या पौरुषसंप्रेरकाच्या प्रभावाने त्याची हाडे अधिक रुंद झालेली असतात. भांडवल मोठे आणि खर्च सावकाश, म्हणून पुरुषाचा खुबा मोडतो तो बहुधा उशिरा. मात्र एकदा तो मोडला की वर्षभरात दगावण्याचे प्रमाण स्त्रियांपेक्षा पुरुषांत अधिक असते, ही गोष्ट आपल्या घराघरांत पुरेशी ठाऊक नाही.

आमच्या विद्यार्थिदशेतील समजूत सरळ होती: स्त्रीचे हाड इस्ट्रोजेन राखते, पुरुषाचे टेस्टोस्टेरॉन. तिला पहिला मोठा धक्का बसला १९९४ साली. अमेरिकेतील एका अठ्ठावीस वर्षांच्या तरुणाची हकीकत त्या वर्षी प्रसिद्ध झाली. उंची २०४ सेंटिमीटर, आणि ती अजून वाढतच होती. हाडांची वाढ पंधरा वर्षांच्या मुलाइतकीच झालेली. रक्तात टेस्टोस्टेरॉन पुरेसे होते, तरी हाडे विरळ. दोष निघाला तो निराळाच. इस्ट्रोजेनचा संदेश ग्रहण करण्याची क्षमताच त्याच्या पेशींत नव्हती! पुढे १९९७ मध्ये इटलीतील डॉक्टरांनी असा एक पुरुष वर्णिला, की ज्याच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करणारे ॲरोमटेज हे विकर कार्यक्षम नव्हते. त्याला टेस्टोस्टेरॉन देऊन हाडांत सुधारणा झाली नाही. इस्ट्रोजेन देताच हाडांची खोळंबलेली वाढ पूर्णत्वास गेली आणि घनताही वाढली.

ही झाली विरळा उदाहरणे. सामान्य वृद्धांचे काय? अमेरिकेतील मेयो क्लिनिकने २००० साली ५९ वयस्क पुरुषांवर केलेल्या प्रयोगात त्यांची स्वतःची संप्रेरके औषधाने तात्पुरती थांबविली आणि मग दोन्ही संप्रेरके निरनिराळी देऊन पाहिली. हाड पोखरण्यास आळा घालण्याच्या कामात सुमारे सत्तर टक्के वाटा इस्ट्रोजेनचा निघाला. म्हणजे पुरुषाच्या हाडांपुरते पाहता टेस्टोस्टेरॉन हा बव्हंशी कच्चा माल. वाढत्या वयात तो हळूहळू घटतो. त्याला रक्तात बांधून ठेवणारे प्रथिन मात्र वाढत जाते. त्यामुळे मोकळे, उपयोगी पडणारे संप्रेरक आणखीच कमी उरते. तरीही सत्तरीच्या आजोबांच्या रक्तात आजीपेक्षा इस्ट्रोजेन अधिक असते, हे ऐकून अनेकांच्या भुवया उंचावतात.

मग टेस्टोस्टेरॉनच बाहेरून द्यावे, हा विचार ओघानेच येतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, हे संप्रेरक कमी असलेल्या पासष्टीपुढील पुरुषांना वर्षभर त्याचा लेप दिल्यावर मणक्यांची घनता वाढलेली दिसली. आमच्यापैकी पुष्कळांना आनंद झाला. परंतु २०२४ साली पाच हजारांहून अधिक पुरुषांच्या चाचणीचा निष्कर्ष आला: संप्रेरक घेणाऱ्यांपैकी साडेतीन टक्क्यांची हाडे मोडली, न घेणाऱ्यांपैकी सुमारे अडीच टक्क्यांची. अंगात जोर वाटू लागल्याने वावर वाढला आणि पडणेही वाढले, असा एक तर्क आहे. कारण काहीही असो, घनता वाढली म्हणजे हाड मोडणार नाही, हे समीकरण डळमळले. जाहिराती पाहून ही इंजेक्शने मागावयास येणाऱ्यांना मी हा आकडा सांगतो.

याउलट, प्रोस्टेटच्या कर्करोगावर टेस्टोस्टेरॉन दाबणारा उपचार चालू असेल तर इस्ट्रोजेनही त्याबरोबर आटते आणि हाडे झपाट्याने विरळ होतात. अशा रुग्णाची अस्थिघनता तपासलीच पाहिजे. दम्यासाठी वर्षानुवर्षे स्टेरॉइडच्या गोळ्या घेणारे, मद्यपी आणि ज्यांची उंची कमी होऊन पाठीला पोक येत आहे, त्यांचीही.

माझ्या वर्गबंधूने इंजेक्शनाचा आग्रह धरलाच. त्याचे सकाळचे टेस्टोस्टेरॉन वयाच्या मानाने ठीक होते. ड जीवनसत्त्व मात्र फारच कमी निघाले. ते भरून काढल्यावर त्याला झोलेड्रोनिक आम्ल हे वर्षातून एकदा शिरेवाटे द्यावयाचे, हाडांची झीज रोखणारे औषध सुरू केले. न्हाणीघरात भिंतीला दांडा बसविला. काठी घेण्यास मात्र तो अद्याप राजी नाही.