हेल्परचा वायरमन व्हायचा असेल तर

दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्तीतली चार-दोन मुले कुणातरी मिस्त्रीच्या हाताखाली लाईटच्या कामाला जाऊ लागतात. घरात पैशाची ओढ असते, कॉलेजचा खर्च झेपत नाही, आणि या कामाला मानही आहे. हातात पकड-टेस्टर असलेल्या माणसाला कुठल्याही घरात "या, बसा, चहा घ्या" म्हणतात. ज्यांच्या आज्या-पणज्यांना उंबऱ्याबाहेर उभे केले गेले, त्यांच्या दृष्टीने ही काही लहान गोष्ट नाही.

मुले हुशार असतात. भिंतीत खाचा पाडणे, पाईप टाकणे, वायर ओढणे, बोर्ड भरणे हे सारे वर्षभरात हाताला येते. पण त्याच मुलाला पाच वर्षांनी भेटा, तो अजून हेल्परच असतो. सकाळी उद्यमनगरात किंवा एखाद्या नव्या बांधकामावर मिस्त्रीची पिशवी घेऊन उभा असतो. त्याला विचारा, "व्होल्टेज आणि करंट यात फरक काय?" उत्तर येते, "दोन्ही एकच की, लाईटच!" हात तयार झाला, पण शब्द हाती आले नाहीत. शब्द नाहीत म्हणून परीक्षा नाही, परीक्षा नाही म्हणून परवाना नाही, आणि परवाना नाही म्हणून कायम दुसऱ्याच्या नावावर काम. दिवा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडली तर घरातले वा कारखान्यातले वायरिंग परवानाधारक ठेकेदारामार्फत आणि परवाना असलेल्या माणसांकडूनच झाले पाहिजे, असा नियम आहे. म्हणजे राबतो आपला मुलगा आणि सही दुसऱ्याची. म्हणून या लेखात चार शब्द सोपे करून सांगायचे आहेत. आई-वडिलांनीही वाचावेत, कारण इस्त्री आणि हीटर घरीच असतो.

आपल्या कोल्हापूर भागात नदीकाठची मोटार आणि छपरावरची पाण्याची टाकी कुणी पाहिली नाही असे नाही. टाकी जितकी उंच, तितके पाणी नळाला जोराने येते. हा जो जोर, त्याला विजेच्या भाषेत व्होल्टेज किंवा विद्युतदाब म्हणतात. तो व्होल्टमध्ये मोजतात. आपल्या घरात तो २३० व्होल्ट असतो. नळ सोडल्यावर मिनिटाला किती पाणी वाहते, तसा तारेतून जो प्रवाह वाहतो तो करंट. तो अँपिअरमध्ये मोजतात. आणि पाईप बारीक असेल, आत गाळ बसला असेल तर पाणी अडते, तसा तार किंवा उपकरण प्रवाहाला जो अडथळा करते तो रोध, म्हणजे रेझिस्टन्स. तो ओहममध्ये मोजतात. दाबाला रोधाने भागले की प्रवाह मिळतो. जर्मन शास्त्रज्ञ ओहम यांनी १८२७ साली हा नियम मांडला. अवघ्या भागाकाराचा हा नियम, पण तोंडी परीक्षेत मुले इथेच अडकतात.

यातली एक गोष्ट जिवाशी गाठ घालणारी आहे. नळ बंद असला तरी पाईपात जोर असतोच. तसा स्विच बंद असला, दिवा विझलेला असला तरी स्विचपर्यंत आलेल्या फेजच्या वायरीत दाब असतोच. आणि ज्याने वायरिंग केले त्याने स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर घेतला असेल, तर दिवा विझूनही होल्डरात फेज हजर असतो. स्विच फेजवरच घ्यायचा, हा या धंद्यातला पहिला धडा. तो चुकवणारे मिस्त्री अजूनही आहेत.

पाण्याचा दाखला मात्र एका ठिकाणी अपुरा पडतो. फुटलेल्या पाईपातून पाणी बाहेर सांडते. वीज तशी सांडत नाही. तिला निघाल्या जागी परत जायला वाट लागते. फेजने येते, न्यूट्रलने परत जाते. या पुऱ्या फेऱ्याला सर्किट म्हणतात. तारेवर बसलेल्या चिमणीला काही होत नाही, कारण तिचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात आणि तिच्यातून जमिनीकडे जायची वाट नसते. आपण ओल्या फरशीवर उभे राहून फेजला हात लावला की ती वाट आपल्या अंगातून होते.

आता किती करंट माणसाला मारतो, हे नीट समजून घ्या. ओल्या अंगाचा रोध ढोबळमानाने हजार ओहम धरला, तर २३० भागिले १००० म्हणजे ०.२३ अँपिअर. पाव अँपिअरसुद्धा नाही. पण त्याच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढा करंट, म्हणजे ३० मिलिअँपिअर, छातीतून थोडा वेळ गेला तरी जीव धोक्यात येतो. बोर्डावरचा फ्यूज किंवा एमसीबी असतो ६ अँपिअरचा, १६ अँपिअरचा. त्याला या पाव अँपिअरची खबरही लागत नाही. "फ्यूज आहे की, काही होत नाही" हा समज आपल्या घराघरात आहे, आणि तो साफ चुकीचा आहे. फ्यूज वायरीला जळण्यापासून वाचवतो. माणसाला वाचवण्यासाठी ईएलसीबी नावाचे वेगळे यंत्र असते. हल्ली त्यालाच आरसीसीबी म्हणतात. फेजने जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलने परत आला का, हे ते सतत पाहते. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे कुठेतरी करंट जमिनीत किंवा माणसात गळतो आहे, की क्षणात लाईन तोडते. घरासाठी ३० मिलिअँपिअरचेच घ्यावे. टीव्हीच्या हप्त्याआधी हा खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

फ्यूजचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. किटकॅटमध्ये फ्यूजची बारीक तार घालायची असते. ती सारखी वितळते म्हणून कित्येक ठिकाणी वायरीचे चार पदर पिळून घातलेले असतात. मग फ्यूज कधीच जात नाही, हे खरे. त्याच्याऐवजी भिंतीतली वायर जळते.

पुढचा शब्द वॅट. दाब गुणिले प्रवाह म्हणजे वॅट. इस्त्रीवर १००० वॅट लिहिलेले असते. त्याला २३० ने भागा, साधारण ४.३ अँपिअर येतात. पाणी तापवायचा रॉड १५०० वॅटचा असतो, त्याचे होतात साडेसहा अँपिअर. आणि आपण तो लावतो कुठे? दिव्या-पंख्याच्या बोर्डावरच्या लहान सॉकेटला, जे ५ किंवा ६ अँपिअरचे असते आणि ज्याच्या मागे एक स्क्वेअरची बारीक वायर असते. मग पिन तापते, सॉकेट काळे पडते, वास येतो. मोठ्या लोडला १६ अँपिअरचे सॉकेट आणि अडीच स्क्वेअरची वायर, थेट मेनपासून वेगळी ओढलेली हवी. रॉड चालू असताना पाण्यात बोट घालून 'तापलं का' पाहणे, ही सवय तर आजपासून बंद झाली पाहिजे. आधी स्विच बंद, मग पिन काढायची, मग पाण्याला हात. लहान मूल बादलीजवळ असेल तर रॉड लावूच नये.

वॅटवरूनच बिलाचे युनिट कळते. हजार वॅट एक तास चालले की एक युनिट. दीड हजार वॅटचा रॉड अर्धा तास चालला की पाऊण युनिट जाते. ७५ वॅटचा पंखा तेवढीच वीज खायला दहा तास घेतो. पोराला पंखा लावून अभ्यास करू दे, बिल तिथे वाढत नाही.

जयंतीच्या रोषणाईवरून आणखी दोन शब्द शिकता येतात. बारीक दिव्यांच्या जुन्या माळेत एक दिवा गेला की रांगच विझते. ती सिरीज जोडणी, एकामागे एक. घरात एका खोलीतला दिवा गेला तरी दुसरा चालतो, ती पॅरलल जोडणी, प्रत्येकाला स्वतंत्र दाब. सिरीजमध्ये २३० व्होल्ट सगळ्या दिव्यांत वाटले जातात, म्हणून दोन सारखे बल्ब सिरीजमध्ये लावले की दोन्ही मंद पेटतात. हे तत्त्व वापरूनच मिस्त्री सिरीज बोर्ड बनवतात आणि शॉट शोधतात. रोषणाईसाठी खांबावर आकडा टाकू नका, तात्पुरते कनेक्शन रीतसर घ्या. लोखंडी कमानीला माळ बांधायची तर सोललेला जोड कमानीला टेकता कामा नये. मिरवणुकीतल्या उंच निळ्या झेंड्याची काठी लोखंडी नळीची असेल तर वरच्या तारेकडे एका माणसाने सतत लक्ष ठेवावे.

खांबावर तीन फेज आणि एक न्यूट्रल असतो. कुठल्याही एका फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट, पण दोन फेजमध्ये सुमारे ४०० व्होल्ट. एखाद्या रात्री गल्लीतले बल्ब एकाएकी लखलखतात आणि चार घरांचे टीव्ही-फ्रीज जळतात, तेव्हा बहुतेक वेळा न्यूट्रल तुटलेला असतो आणि दोन फेजमधला दाब घरांमध्ये वेडावाकडा वाटला जातो. अशा वेळी आधी मेन स्विच बंद करावा. शेतातल्या मोटारीचे उलटे असते. तिला तिन्ही फेज लागतात, एक गेला तरी ती चालायचा प्रयत्न करते, उरलेल्या दोन फेजवर करंट वाढतो आणि वाइंडिंग जळते.

अर्थिंग म्हणजे तिसरी, हिरवी वायर. इस्त्रीच्या आत फेज सुटून पत्र्याला लागला तर करंटला जमिनीत जायची सोपी वाट मिळावी, आपले अंग ती वाट होऊ नये, एवढ्यासाठी ती असते. तीन पिनांतली मोठी पिन मोडून दोन पिनांच्या सॉकेटात इस्त्री घालणे म्हणजे हीच वाट बंद करणे. घराची अर्थिंगची पट्टी किंवा पाईप मिठा-कोळशाच्या खड्ड्यात पुरतात. उन्हाळ्यात तो खड्डा कोरडा पडतो, म्हणून अधूनमधून तिथे पाणी घालावे.

पंचगंगेचा पूर २०१९ मध्ये आला, पुन्हा २०२१ मध्ये आला. पाण्यात मीटर, बोर्ड, मोटारी बुडाल्या. पाणी ओसरल्यावर घर धुतो त्याच दिवशी मेन स्विच टाकायची घाई होते. ती करू नये. बोर्डात गाळ असतो आणि ओल्या गाळातून करंट वाट काढतो. बोर्ड उघडून, साफ करून, पूर्ण वाळवून, मेगरने वायरीचे इन्सुलेशन तपासूनच लाईन घ्यावी. मेगरवर निदान एक मेगाओहम, म्हणजे दहा लाख ओहम, दिसले पाहिजेत. ज्याला हा आकडा वाचता येतो त्याला पुरानंतरच्या महिन्यात कामाची कमी पडत नाही, आणि लोकांचे जीवही वाचतात.

कामावर मिस्त्री सांगतो, "लाईन बंद केलीय, घाल हात." तथागतांनी कालामांना सांगितले होते की कुणी थोर माणूस म्हणतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. या धंद्यात ते अक्षरशः लागू पडते. टेस्टर आधी चालू लाईनवर लावून तो पेटतो याची खात्री करा, मग बंद केलेल्या लाईनवर लावा, मगच हात घाला. मेन स्विचचा फ्यूज काढून खिशात ठेवला की दुसरा कुणी लाईन चालू करू शकत नाही. मालक 'भित्रा आहे' म्हणून हसला तर हसू द्या. आणि कुणाला शॉक लागून चिकटलेला दिसला तर त्याला हात लावू नका. आधी मेन बंद, ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला सोडवा, श्वास थांबला असेल तर छाती दाबणे सुरू करा आणि दवाखाना गाठा.

विजेचा आणि बाबासाहेबांचा संबंध आपल्या मुलांना फारसा सांगितला जात नाही. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे प्रमुख होते, आणि वीज हा विषय त्याच खात्याकडे होता. ऑक्टोबर १९४३ मध्ये दिल्लीत वीजविषयक धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेवाचून देशाचे औद्योगिकीकरण होणार नाही आणि गरिबी हटणार नाही, असे मांडले. वीज खाजगी मालकीची असावी की सरकारच्या, हा प्रश्नही त्यांनी तिथे उभा केला. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. कामगारांना तांत्रिक शिक्षण देण्याची युद्धकाळातली योजनाही त्यांच्याच खात्यात चालत होती. इकडे शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरीचे धरण बांधायला घेतले होते, पुढे ते पूर्ण झाले आणि त्याच्या पाण्यावर वीजही तयार होऊ लागली. आपला मुलगा टेस्टर हातात घेतो ते या दोघांच्या कामाच्या वाटेवरच.

तेव्हा मिस्त्रीच्या हाताखाली गेलेल्या मुलाने काम सोडावे असे नाही, पण आयटीआयचा अर्ज भरावा. कोल्हापूरची सरकारी आयटीआय कळंबा रोडला आहे. इलेक्ट्रिशियनचा ट्रेड दोन वर्षांचा, त्याला दहावी पास लागते. वायरमनचा ट्रेडही दोन वर्षांचा आहे, आणि महाराष्ट्रात दहावी नापास मुलालाही त्याला अर्ज करता येतो. मुलींसाठीही जागा राखीव असतात, मुलींना हे काम जमत नाही म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. त्यानंतर एखाद्या कारखान्यात किंवा वीज कंपनीत अप्रेंटिस करावी, मग वायरमनच्या परवान्यासाठी अर्ज करावा. अर्ज ऑनलाईन असतात, दहावीच्या निकालाच्या सुमारास सुरू होतात आणि मुदत थोडी असते. बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती १९९० पासून मिळाल्या आहेत, पण दाखला हातात नसेल तर सांगून उपयोग होत नाही. जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि आधार हे सारे मे महिन्यातच एका फाईलला लावून ठेवा, आणि सगळ्यांवर नावाचे स्पेलिंग एकसारखे आहे ना ते आधी तपासा.