डिकीतला खोका आणि ट्रॅक्टरवरचा टेप

सणासुदीला चाकणहून गावी आलेली पोरं गाडीतून उतरायच्या आधी त्यांचा आवाज वेशीत पोचतो, ही तक्रार गटसभेत आमच्या कानावर वरचेवर येते. खिडक्यांची तावदाने थरथरतात, गोठ्यातली जनावरे बिथरतात, आणि गाणे कोणते चालले आहे ते मात्र कुणाला कळत नाही. सभासद बंधूंनो, दोष सगळा पोरांचा नाही. बराचसा डिकीतल्या खोक्याचा आहे.

पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यातील कारखान्यांत आपल्या कित्येक सभासदांची मुले कामाला आहेत. मोटारीतील ध्वनियंत्रणा तयार करणाऱ्या हरमन कंपनीचा कारखानाही चाकणलाच आहे. गाडीबरोबर येणारी यंत्रणा मोजूनमापून बसविलेली असते. मागाहून बाजारातून आणलेल्या सबवूफरचे तसे नसते. स्पीकर एका मापाचा नि खोका भलत्याच मापाचा. आपल्या एका सभासदाच्या मुलाने असाच तयार खोका घेऊन पैसे घालविले. मग त्याने स्वतःच करवत हाती घेतली. तो टूलरूममध्ये काम करणारा, मापात पक्का. आम्ही एका रविवारी मुद्दाम मोशीला त्याच्या खोलीवर जाऊन हे काम पाहिले.

सबवूफर म्हणजे फक्त खालचे, घुमारेदार स्वर काढणारा मोठा स्पीकर. त्याचा पडदा पुढे आला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. खोका नसेल तर दाबलेली हवा कडेने मागे पळते व आवाज आवाजालाच खातो. म्हणून पाठ बंद करायची. आता सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून दांडा दाबून पाहा, दांडा उसळून परत येतो. बंद खोक्यातली हवा तशीच स्प्रिंगसारखी वागते. खोका फार लहान केला तर स्प्रिंग कडक होते, खालचा स्वर मरतो नि नुसती धबधब उरते. फार मोठा केला तर पडद्याला आवर राहत नाही. दुसरा प्रकार नळी बसविलेल्या खोक्याचा. रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकर मारली की घागर घुमते, तेच तत्त्व. त्यात दणका जास्त, पण नळीची लांबी चुकली तर सगळेच बिघडते. पोराने बंद खोका पसंत केला, आणि आमच्या मते नवख्याने तोच करावा.

माप कसे काढायचे? ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ साली व पुढे १९७० च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी याचे गणित बसविले. चांगल्या स्पीकरच्या कागदावर 'क्यूटीएस' आणि 'व्हास' असे दोन आकडे असतात. ०.७ ला क्यूटीएसने भागा, उत्तराचा वर्ग करा, त्यातून १ वजा करा आणि राहील त्याने व्हासला भागा. खोक्यातल्या हवेचे लिटर मिळतात. क्यूटीएस ०.५ व व्हास ३० लिटर असेल तर उत्तर साधारण ३० लिटर, म्हणजे दुधाच्या ४० लिटरच्या कॅनहून थोडे कमी. आतून ४० × ३० × २५ सेंटिमीटर. स्पीकरचे लोहचुंबक आत जागा खाते, तेवढ्यासाठी खोली दीड सेंटिमीटर वाढवावी. पण क्यूटीएस ०.४ असला की त्याच व्हासला १४-१५ लिटरच पुरतात! तेव्हा 'दहा इंची स्पीकरचा खोका द्या' असे नुसते सांगून भागत नाही.

फळी १८ मिलिमीटरची. एमडीएफ वजनदार व कापायला सोपी, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल धरून फुगते; पोराने चांगले प्लायवूड घेतले. सांधे डिंकाने व स्क्रूने आवळून आतून सील केले. एक फट राहिली तरी खोका शिट्टी मारतो. (जाता जाता सांगायचे, आपण जो बगॅस बॉयलरला घालतो त्याच्यापासून अमेरिकेत १९२० च्या दशकात सेलोटेक्स कंपनीने आवाज शोषणारे तक्ते केले. आवाजाशी उसाचे नाते असे जुने आहे.)

वायरिंगबाबत मात्र चालढकल नको. ३०० वॅट म्हणजे १२ व्होल्टवर २५ अँपिअर. बॅटरीलगत फ्यूज हवाच, नाहीतर वायर घासली की आग. डिकीत सीएनजीची टाकी असेल तर तिचा व्हॉल्व्ह व हवेची वाट खोक्याने अडवू नये.

गाणे लावले तेव्हा शेजारच्या खोलीतले कुणी बाहेर आले नाही, आणि आम्हांला गाडीत ढोलकीची थाप स्वच्छ ऐकू आली. बंद केबिन खालच्या स्वराला स्वतःच उचल देते, त्यामुळे आवाज थोडका पुरतो.

ट्रॅक्टरवर हीच मदत नसते. उघड्यावर घुमारा विरून जातो, म्हणून ड्रायव्हर आवाज वाढवितो, मग मोठा अँप्लिफायर आणतो. वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने चढतो, कानाला जेमतेम कळेल इतका. कानाला दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. या नादात मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न मात्र बुडतो. गेल्या हंगामात आपल्याच यार्डात, काट्याजवळ, एक ट्रॅक्टर मागे येत होता. चार जण ओरडले, ड्रायव्हरला एक अक्षर ऐकू गेले नाही. ट्रॉलीखाली सायकल चेचली. सायकलवाला नुकताच चहाला उठून गेला होता.

त्या ड्रायव्हरला आम्ही मोशीच्या पोराकडे पाठविले. खोका त्याने करून घेतला, पण पोराच्या सांगण्यावरून तो ट्रॅक्टरवर न बसविता घरी ओसरीत ठेवला. ट्रॅक्टरवर आता लहान टेप आहे, आणि काट्यावर आला की तो तेवढाही बंद करतो.