पिकअपला ट्रेलर हिच बसवताना
अमेरिकेतल्या अनेक पिकअपच्या चासीला हिचसाठीची, म्हणजे ट्रेलर ओढायच्या जोडासाठीची, भोकं कारखान्यातूनच पाडलेली असतात. खरी कसरत बोल्टची, कारण चासीचा बार बऱ्याचदा बंद पेटीसारखा असतो आणि आत हात जात नाही. म्हणून टोकाला स्प्रिंगसारखी वळलेली तार बोल्टच्या भोकातून सारून शेजारच्या मोठ्या भोकातून बाहेर काढतात, तिच्यात जाड चौकोनी वॉशर ओवतात, टोकाला बोल्ट फिरवून बसवतात आणि तार हळूच मागे ओढतात. बोल्ट बरोबर जागेवर डोकावतो! मग हिच जॅकने उचलून सगळे नट आधी हातानेच लावायचे. शेवटची आवळणी टॉर्क रेंचने, सोबतच्या पत्रकातल्या आकड्यापर्यंत, अंदाजपंचे नको. चासीला वेल्डिंग तर नकोच, उष्णतेने पोलाद कमकुवत होऊ शकतं. ट्रेलर जोडल्यावर त्याच्या भरलेल्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचच्या बॉलवर, म्हणजे ट्रेलर ज्यावर टेकतो त्या गोळ्यावर, यावा.