दोन तासांत काढलेली पोस्ट

कळंबला भल्या पहाटे रस्त्यावर पोरं धावताना दिसतात. पोलीस भरतीची तयारी. सोळाशे मीटर, गोळाफेक, मग दिवसभर अभ्यास. वजन, उंची, छाती सगळं मोजून झालेलं असतं. आपण कधी काळी मोबाइलवर काय टाकलं होतं, याचा हिशेब मात्र कुणीच ठेवत नाही. 2012 पासूनची वर्षं आठवली की त्याचीच काळजी वाटते.

17 नोव्हेंबर 2012 ला बाळासाहेब ठाकरे गेले आणि मुंबई बंद झाली. त्या बंदवर पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, मैत्रिणीने लाइक केलं. दोघींना अटक झाली. पोस्ट लिहिणारीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. नुसत्या लाइकवर पोलीस ठाणं पाहावं लागतं, हे महाराष्ट्राला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पुढे ते प्रकरण बंद झालं. अशा अटकांविरुद्ध श्रेया सिंघल सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि ज्याच्या आधारे त्या होत होत्या, ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66अ 24 मार्च 2015 ला रद्द झालं.

सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं. तोवर पुरवून पुरवून वापरायचं नेट शाळकरी पोरांच्या हाती आलं. तेव्हा जो चौदा वर्षांचा होता, तो 2025 मध्ये तेवीसचा झाला, भरतीच्या रांगेत उभा राहिला. रागाच्या भरात ठेवलेलं स्टेटस चोवीस तासांत जातं, पण कुणी काढलेला स्क्रीनशॉट राहतो.

मे 2025 मधलं पुण्याचं प्रकरण मला सगळ्यात जास्त लागलं. अभियांत्रिकीची एकोणीस वर्षांची विद्यार्थिनी. ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत तिने दुसऱ्याची एक पोस्ट पुढे टाकली, दोन तासांत काढली, माफीही मागितली. तरी कॉलेजने काढून टाकलं, पोलिसांनी अटक केली, मुक्काम येरवड्याच्या तुरुंगात. 27 मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. गौरी गोडसे आणि न्या. सोमशेखर सुंदरेसन यांनी तिला जामीन दिला, कॉलेजचा आदेश स्थगित केला. बाजू मांडायची संधीच तिला दिली नव्हती, हे न्यायालयाला खटकलं. तोवर परीक्षा सुरू झाली होती. पोस्ट चुकीची होती असं मानलं तरी ही शिक्षा त्या चुकीला शोभत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

गुन्हा नोंदला गेला की पुढची वाट अवघड होते. सरकारी नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात त्याचा रकाना असतो. अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये सांगितलं, की तिथली माहिती खरीच हवी. लपवाछपवीने नोकरी जाऊ शकते, मात्र गुन्हा किरकोळ असेल तर नोकरी देणाऱ्याला सबुरीने घेता येतं. परदेशाची वाटही अशीच अवघड. जून 2025 पासून अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसासाठी आपली खाती सगळ्यांना दिसतील अशी उघडी ठेवावी लागतात.

गावातल्या जाणत्यांना एक विनंती. पोराच्या स्टेटसवरून वाद झाला, तर ठाण्यात जाण्याआधी त्याला आणि त्याच्या मायबापाला समोर बसवा, त्याचं ऐकून घ्या. आणि पोरांनो, आज संध्याकाळी आपलं जुनं खातं स्वतः एकदा खालपर्यंत वाचून काढा.