शिकागोहून : तीनशेच्या खालचे पुरुष

शिकागोतून उपनगरांकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यांवर गेल्या काही वर्षांत एक नवी पाटी जागोजागी दिसू लागली आहे. केवळ पुरुषांसाठी असलेल्या दवाखान्याची. पाटीवर पन्नाशीचा, भरदार दंडांचा हसरा गृहस्थ असतो. शेजारी दोन-तीन प्रश्न असतात : सारखा थकवा येतो? पोट सुटलंय? इच्छा कमी झालीय? रेडिओवर बेसबॉलचा सामना लावला तरी डावांच्या मधल्या विश्रांतीत हेच प्रश्न कानी पडतात. त्यांचं उत्तरही तिथेच मिळतं. तुमच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन कमी असेल, येऊन तपासून घ्या, आठवड्याला एक इंजेक्शन पुरेल.

हे औषध खोटं नाही, आणि ज्यांना ते लागतं त्यांच्यासाठी ते मोठा आधार आहे, हे आधी सांगायला हवं. वृषणांना इजा झालेले, वयात आल्यावर गालगुंडाने वृषण सुजून निकामी झालेले, कर्करोगाच्या उपचारांतून वाचलेले, मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीत गाठ झालेले किंवा जन्मतःच एक एक्स गुणसूत्र जास्त घेऊन आलेले पुरुष आपल्याला लागणारं हार्मोन पुरेसं तयार करू शकत नाहीत. त्यांची हाडं ठिसूळ होतात, रक्त कमी होतं, स्नायू झडतात, कामेच्छा मावळते. अशा माणसाला टेस्टोस्टेरॉन देणं हे मधुमेह्याला इन्सुलिन देण्याइतकंच सरळ वैद्यक आहे. मात्र रस्त्यावरची पाटी या माणसाला उद्देशून लावलेली नसते.

या हार्मोनच्या इतिहासात शिकागोचा वाटा मोठा आहे. शहराच्या दक्षिण भागात एके काळी देशातला सर्वात मोठा गुरांचा बाजार आणि कत्तलखाने होते. 1927 साली शिकागो विद्यापीठातले प्राध्यापक फ्रेड कॉक आणि त्यांचे विद्यार्थी लेम्युएल मॅकगी यांनी तिथून वळूंचे वृषण आणले आणि 40 पौंड मालातून जेमतेम 20 मिलिग्रॅम अर्क काढला. तो खच्ची केलेल्या कोंबड्यांना टोचल्यावर त्यांचे सुकलेले तुरे पुन्हा लाल होऊन वाढले. पुढे 1935 मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमच्या एर्न्स्ट लाकूर यांच्या गटाने हा पदार्थ शुद्ध स्वरूपात वेगळा केला. त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिच्का यांनी तो प्रयोगशाळेत तयार केला आणि 1939 चं रसायनशास्त्राचं नोबेल दोघांत वाटलं गेलं. दोनच वर्षांनी, 1941 मध्ये, पुन्हा शिकागो विद्यापीठातच चार्ल्स हगिन्स यांनी दाखवून दिलं की पुरुषाचं हार्मोन तोडलं की प्रोस्टेटचा कर्करोग आक्रसतो. त्यांनाही 1966 मध्ये नोबेल मिळालं. त्या शोधामुळे पुढची कित्येक दशकं डॉक्टर हे औषध लिहायला कचरत होते.

मग एवढं सावधपणे वापरलं जाणारं औषध रस्त्यावरच्या पाटीपर्यंत कसं आलं? इथे अमेरिका समजून घ्यावी लागते. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न मिळणाऱ्या औषधाची जाहिरात थेट रुग्णाला करण्याची मोकळीक श्रीमंत देशांपैकी अमेरिका आणि न्यूझीलंड या दोनच देशांत आहे. 1997 मध्ये इथल्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, टीव्हीवरच्या औषधांच्या जाहिरातींचे नियम सैल केले. 2000 मध्ये अ‍ॅन्ड्रोजेल हे खांद्यावर चोळायचं जेल बाजारात आलं. सुई टोचून घ्यायला नको, रोज सकाळी आंघोळीनंतर चोळलं की झालं. हे जेल पुढे अ‍ॅबट आणि तिच्यातून निघालेल्या अ‍ॅबव्ही या कंपनीकडे गेलं. या कंपनीचं मुख्यालय इथून उत्तरेला, सरोवराच्या काठी नॉर्थ शिकागोत आहे. जाहिरातींत औषधाच्या आधी लक्षणांची यादी येई. थकवा, उदासी, जेवणानंतरची पेंग, खेळात पूर्वीसारखा दम न उरणं. चाळिशी ओलांडलेल्या कुठल्या पुरुषाला यातलं एखादंही लागू पडणार नाही?

परिणाम आकड्यांत दिसतो. 40 वर्षांवरील विमाधारक अमेरिकन पुरुषांपैकी टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांचं प्रमाण 2001 मध्ये 0.81 टक्के होतं, ते 2011 मध्ये 2.91 टक्के झालं. हे औषध नव्याने सुरू झालेल्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्शाच्या पुरुषांची आधीच्या वर्षभरात रक्तातली पातळी मोजल्याची नोंदही नव्हती. नाडी न बघता काढा देणाऱ्याला आपल्याकडे काय म्हणतात ते वाचकांना सांगायला नको.

नियम मात्र स्पष्ट आहेत. लक्षणं असली पाहिजेत आणि त्याबरोबर सकाळच्या वेळी, दोन वेगवेगळ्या दिवशी केलेल्या तपासण्यांत पातळी कमी आली पाहिजे. इथल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने ही मर्यादा एक डेसिलिटर रक्तात 300 नॅनोग्रॅम धरली आहे. सकाळचीच वेळ अशासाठी की हे हार्मोन पहाटे-सकाळी सर्वाधिक असतं आणि संध्याकाळपर्यंत उतरतं. ऑफिस सुटल्यावर रक्त दिलं तर तंदुरुस्त माणूसही तीनशेच्या खाली सापडू शकतो. रात्रभर झोप नसेल, आजारपण असेल, वेदनाशामक अफूजन्य गोळ्या चालू असतील तरीही पातळी पडते. वजन वाढलं की पडते आणि उतरलं की बऱ्याच अंशी आपोआप सावरते.

यातली शेवटची गोष्ट आपल्या लोकांनी नीट ऐकावी असं मला फार वाटतं. बफेलो शहरातले संशोधक संदीप धिंडसा आणि परेश दांडोना यांनी 2004 मध्ये दाखवलं की टाइप दोनच्या मधुमेही पुरुषांपैकी जवळजवळ तिसऱ्या हिश्शात हे हार्मोन कमी असतं. मराठी मंडळाच्या कुठल्याही जेवणावळीत नजर फिरवली तर मधुमेहाच्या गोळ्या खिशात बाळगणारे किती असतील याचा अंदाज येतो. अशा माणसाचा थकवा खरा असतो, त्याचा आकडाही खरा कमी असतो. पण त्याला आधी हवं असतं ते साखरेवर नियंत्रण, कमरेचा घेर कमी होणं आणि घोरणं असेल तर झोपेची तपासणी. इंजेक्शनचा विचार त्यानंतर.

उपनगरात राहणारा आमच्या ओळखीचा एक तरुण, मूळचा साताऱ्याकडचा, मला काका म्हणतो. तिशी ओलांडलेली, नुकतं लग्न झालेलं, संगणकाचं बैठं काम. अशाच एका दवाखान्यात संध्याकाळी एकदा रक्त तपासलं, आकडा दोनशे ऐंशीच्या घरात आला आणि त्याच आठवड्यात इंजेक्शन सुरू झालं. अंगात ताकद आल्यासारखं वाटलं, व्यायामशाळेत वजनं वाढली, त्यामुळे तो खूश होता. वर्ष उलटलं तरी मूल होईना म्हणून दोघं तज्ज्ञाकडे गेले तेव्हा त्याच्या वीर्यात एकही शुक्रजंतू सापडला नाही. “काका, मला कुणी विचारलंच नाही हो, मूल हवंय का म्हणून,” एवढंच तो म्हणत राहिला. त्याच्या आवाजातला अविश्वास मला अजून अस्वस्थ करतो, कारण ही गोष्ट वैद्यकाला नवी नाही. बाहेरून हार्मोन मिळू लागलं की मेंदूला वाटतं, पुरेसा साठा आहे. तो वृषणांना पाठवायचे संदेश थांबवतो, वृषण आक्रसतात आणि बीजनिर्मिती बंद पडते. जागतिक आरोग्य संघटनेने याच गुणाचा उपयोग करून पुरुषांसाठी गर्भनिरोधकाची चाचणी घेतली होती. आठवड्याला 200 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन देऊन ज्यांचे शुक्रजंतू शून्यावर आले, त्यांच्या घरी पुढच्या वर्षभरात केवळ एक गर्भधारणा झाली. 1990 मध्ये हे छापून आलं. आज पाटीवाल्या दवाखान्यांत मिळणारी मात्रा याच्याच आसपास असते. औषध थांबवल्यावर बहुतेकांची बीजनिर्मिती काही महिन्यांत परतते, काहींना दीड-दोन वर्षं लागतात. आमचा हा तरुण सध्या त्याच वाट पाहण्यात आहे आणि त्याची बायको त्याच्याहून जास्त.

हृदयाचं काय, हा प्रश्न दहा वर्षं गाजला. 2013 आणि 2014 मधल्या दोन अभ्यासांनी हृदयविकाराच्या झटक्याची शंका उभी केली. हजारो दावे शिकागोच्या फेडरल न्यायालयात एकत्र आले आणि 2018 मध्ये अ‍ॅबव्हीने तडजोड केली. 2015 मध्ये एफडीएने औषधाच्या माहितीपत्रकात इशारा घालायला लावला. केवळ वयामुळे पातळी घसरलेल्या पुरुषांसाठी हे औषध उपयुक्त व सुरक्षित असल्याचं सिद्ध झालेलं नाही, असंही त्यात लिहायला लावलं आणि कंपन्यांना मोठी चाचणी करायला सांगितलं. ती 2023 मध्ये प्रसिद्ध झाली. पाच हजारांहून अधिक पुरुष, वयं 45 ते 80, सर्वांना हृदयविकार किंवा त्याचा मोठा धोका, आणि पातळी तीनशेच्या खाली. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा त्यामुळे मृत्यू यांचं प्रमाण औषध घेणाऱ्यांत 7.0 टक्के, न घेणाऱ्यांत 7.3 टक्के. म्हणजे ती भीती बरीचशी निवळली, आणि 2025 मध्ये एफडीएने तो इशारा काढून रक्तदाब वाढण्याची सूचना घातली. दवाखान्यांनी या निकालाची दवंडी पिटली. मात्र त्याच चाचणीत औषध घेणाऱ्यांत हृदयाचे ठोके अनियमित होणं, फुफ्फुसात रक्ताची गाठ अडकणं आणि हाडं मोडणं अधिक आढळलं, ते जाहिरातीत येत नाही. शिवाय ती चाचणी खरोखर कमतरता असलेल्यांवर झाली होती. चारशे-पाचशे आकडा असताना ‘उत्तम वाटावं’ म्हणून घेणाऱ्यांना तिचा दाखला लागू होत नाही.

तरीही लोक तिथे जातात, आणि त्यांना दोष द्यायला माझं मन धजत नाही. इथे नेहमीच्या डॉक्टरची वेळ मिळायला आठवडे लागतात. वेळ मिळाली तरी पंधरा मिनिटांत रक्तदाब, साखर आणि विम्याचे कागद उरकायचे असतात. कामेच्छेबद्दल विचारायला डॉक्टरला सवड नसते आणि रुग्णाला धीर होत नाही. पाटीवाला दवाखाना त्याच दिवशी वेळ देतो, महिन्याला शंभर-दोनशे डॉलर रोख घेतो, विमा कंपनीला दोन तपासण्या दाखवाव्या लागत नाहीत, आणि तिथला माणूस समोर बसून विचारतो, तुम्हाला कसं वाटतंय? मध्यमवयीन अमेरिकन पुरुषाला हा प्रश्न विचारणारं दुसरं कुणी बरेचदा नसतं.

कायद्याचं बंधन नाही असं नाही. इथल्या 1990 च्या कायद्याने हे औषध नियंत्रित यादीत टाकलं, कारण 1988 च्या सोल ऑलिंपिकमधल्या उत्तेजकांच्या प्रकरणानंतर टेस्टोस्टेरॉनसारख्या स्टेरॉइड्सची धास्ती बसली होती. 2008 च्या कायद्याने अशी औषधं रुग्णाला प्रत्यक्ष न पाहता इंटरनेटवरून लिहून देण्यावर बंदी आणली. 2020 च्या साथीत ती बंदी तात्पुरती उठली आणि ती सवलत वाढत वाढतच गेली. आज घरबसल्या बोटातून रक्ताचे थेंब पाठवून कुपी दारात मागवता येते. आपल्याकडे 1954 च्या कायद्याने लैंगिक शक्तीच्या औषधांच्या जाहिरातींवर बंदी असूनही रेल्वेमार्गालगतच्या भिंती तशा जाहिरातींनी रंगतातच. इथे कायदाच वाट मोकळी करतो, आणि कुपीतला माल अस्सल असतो. म्हणून मला इथला धोका जास्त वाटतो.

फोनवरच्या तपासणीत एक गोष्ट होतच नाही, ती म्हणजे वृषणांना हात लावून पाहणं. एक एक्स गुणसूत्र जास्त असलेले पुरुष साधारण सहाशेत एक जन्माला येतात आणि त्यांचे वृषण लहान व घट्ट असतात, एवढ्यावरून अनुभवी डॉक्टरला शंका येते. डेन्मार्कमधल्या नोंदींनुसार अशा पुरुषांपैकी जेमतेम चौथ्या हिश्शाचं निदान आयुष्यात कधी तरी होतं. बाकीचे थकवा, ठिसूळ हाडं आणि मूल नसण्याचं दुःख घेऊन तसेच जगतात. या औषधावर पहिला हक्क त्यांचा आहे. रस्त्यावरच्या पाट्यांमधली एकही त्यांना शोधत नाही.