जनुकीय म्हणजे आनुवंशिक नव्हे: फुप्फुसांविषयीचे काही गैरसमज

बायोप्सीच्या रिपोर्टवर 'ईजीएफआर म्युटेशन पॉझिटिव्ह' असं लिहून आलं की घरच्यांच्या मनात औषधाच्या आधी दुसरीच धास्ती उभी राहते: हे आता मुलांनाही होणार का? फुप्फुसाच्या कर्करोगात सापडणारा हा बदल जवळजवळ नेहमीच रुग्णाच्या हयातीत, फुप्फुसातल्याच एखाद्या पेशीत घडलेला असतो. अंडपेशीत किंवा शुक्रपेशीत तो नसतो, त्यामुळे मुलांमध्ये उतरत नाही. जन्मतःच असा बदल घेऊन आलेली कुटुंबं आहेत, पण अत्यंत विरळ. ही गोष्ट रुग्णाच्या नातेवाइकांना रिपोर्ट हातात देतानाच सांगायला हवी, असं मला फार वाटतं.

पण ईजीएफआर हा पेशीच्या पृष्ठभागावरचा, बाहेरचा इशारा टिपणारा ग्राही निरोगी फुप्फुसाला लागतो तरी कशाला? ते कळायला स्टॅनफर्ड विद्यापीठातले जीवरसायनशास्त्रज्ञ मार्क क्रॅस्नो यांचं काम पाहावं. त्याची सुरुवात फळमाशीपासून होते. 'माशीवरच्या संशोधनाचा माणसाला काय उपयोग?' असं विचारणाऱ्यांनी तर ते जरूर पाहावं.

माशीला फुप्फुसं नसतात. बारीक नळ्यांचं जाळं तिच्या अंगभर प्राणवायू पोचवतं. या नळ्यांना फाटे कसे फुटतात, याचा शोध घेताना क्रॅस्नो आणि सहकाऱ्यांना 'ब्रँचलेस' हे जनुक सापडलं. १९९६ साली ते प्रसिद्ध झालं. नळीबाहेरच्या पेशी या जनुकापासून बनलेलं प्रथिन सोडतात, नळीतल्या पेशी ते आपल्या पृष्ठभागावरच्या ग्राहीने टिपतात आणि नळी त्या दिशेला वाढू लागते. जनुक बिघडलं तर फाटे फुटतच नाहीत. 'स्प्राउटी' नावाचं दुसरं प्रथिन हाच इशारा आवरतं, म्हणून भलत्या जागी फाटे येत नाहीत. सस्तन प्राण्यांत ब्रँचलेसच्या जातकुळीतलं प्रथिन आहे एफजीएफ-१०. ते जनुक काढून टाकलेल्या उंदरांची पिल्लं १९९८-९९ मध्ये तपासली गेली, तेव्हा श्वासनलिका जागेवर होती. पुढे फुप्फुसंच नव्हती. माशीत सापडलेला धागा असा थेट आपल्या छातीपर्यंत येतो.

'जनुकांत फुप्फुसाचा नकाशा कोरलेला असतो' हेही म्हणूनच खरं नाही. माणसाच्या श्वासनलिकेला सुमारे २३ वेळा फाटे फुटत जातात, आणि प्रौढ माणसाच्या दोन्ही फुप्फुसांत मिळून सरासरी ४८ कोटी वायुकोश असतात. आपली प्रथिनं बनवणारी जनुकं जेमतेम वीस हजार. एकेका फाट्याची जागा त्यांत लिहून ठेवणं शक्यच नाही. क्रॅस्नो यांच्या प्रयोगशाळेने उंदराच्या गर्भांची वेगवेगळ्या टप्प्यांवरची शेकडो फुप्फुसं न्याहाळली आणि २००८ साली दाखवून दिलं की हा सगळा पसारा फाटे फुटण्याच्या फक्त तीन तऱ्हांतून उभा राहतो. त्याच तीन तऱ्हा, पुन्हा पुन्हा, ठरलेल्या क्रमाने.

जन्मलेल्या बाळाची फुप्फुसं पूर्ण तयार असतात, हा समजही सोडून द्यावा. बहुतेक वायुकोश जन्मानंतरच, पहिल्या काही वर्षांत बनतात. बाळाच्या आसपास चुलीचा किंवा सिगारेटचा धूर असणं म्हणजे बांधकाम चालू असताना केलेली इजा आहे.

पुढे आयुष्यभर डागडुजी होते का? होते. वायुकोशाच्या आतल्या पृष्ठभागाचा सुमारे ९५ टक्के भाग पहिल्या प्रकारच्या पातळ, पसरट पेशींनी व्यापलेला असतो. हवेची देवघेव त्यांतून होते. दुसऱ्या प्रकारच्या पेशी, वायुकोश मिटू नये म्हणून लागणारा स्राव बनवतात. याच दुसऱ्या प्रकारच्या पेशी मूलपेशींचंही काम करतात. २०१४ साली तुषार देसाई, क्रॅस्नो आणि सहकाऱ्यांनी उंदरांत दाखवलं की ईजीएफआरला इशारा मिळाला की या पेशी विभागतात. २०१८ मध्ये त्याच गटाने आणखी बारकाईने पाहिलं: शेजारच्या एखाद्या पेशीकडून 'विंट' नावाचा इशारा मिळतो तोवर ही पेशी मूलपेशी राहते, आणि तिच्यापासून झालेली नवी पेशी त्या शेजारापासून दूर सरकली की पसरट पेशी बनते.

ईजीएफआर हवा तो यासाठी. एखाद्या पेशीत त्याचं जनुक असं बदललं, की इशारा न येताही ग्राही चालूच राहिला, तर ती पेशी थांबत नाही. कर्करोग असा सुरू होतो, आणि कधीही विडी-सिगारेट न ओढलेल्यांतही तो होतो. (तंबाखू हेच फुप्फुसाच्या कर्करोगाचं सर्वांत मोठं कारण आहे, यात मात्र तसूभर फरक पडत नाही.) या ग्राहीला रोखणाऱ्या गोळ्या आहेत. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात ईजीएफआरमध्ये असा बदल असलेल्या ३५० रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. त्यांतल्या नुसत्या जेफिटिनिब या गोळीवर आजार साधारण ८ महिने आटोक्यात राहिला, जोडीला केमोथेरपी दिली तेव्हा १६ महिने. दुष्परिणाम अर्थातच वाढले.

फुप्फुस स्वतःला सावरतं हे कळलं, की 'फुप्फुसं साफ करणाऱ्या' काढ्यांच्या जाहिराती खऱ्या वाटू लागतात. कोणताही काढा या पेशींना नवे वायुकोश बांधायला लावतो, असा पुरावा नाही. पल्मोनरी फायब्रोसिसमध्ये तर डागडुजीच भरकटते आणि वायुकोशांच्या जागी व्रणासारख्या जाड ऊती साचत जातात. त्यावरचं निंटेडॅनिब हे औषध ज्या ग्राहींना अडवतं, त्यांत एफजीएफचे ग्राहीही आहेत. त्याने आजाराची गती मंदावते, पण गेलेले वायुकोश परत येत नाहीत. डॉक्टर ते लवकर सुरू करायला सांगतात, ते एवढ्यासाठीच.